‘बहिष्कृत भारत’, महाडची नगरपालिका आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



डॉक्टर व्यासपीठावर आला की तो मधुमेह आणि रक्तदाब यांविषयी बोलणार, हे श्रोत्यांनी गृहीत धरलेले असते. मागील तीन संमेलनांत आम्ही ती अपेक्षा इमानेइतबारे पूर्ण केली. तेव्हा ज्यांनी माना डोलावल्या, त्यांपैकी कित्येकांच्या साखरेचे आकडे आमच्या दवाखान्यातील कागदांवर अजूनही तसेच आहेत. म्हणून यंदा कार्यवाहांकडे आम्ही विषय बदलून मागितला. आज आम्ही वृत्तपत्राविषयी बोलणार आहोत, आणि तेही एका लहानशा गावच्या नगरपालिकेच्या संदर्भात. विषय आमच्या व्यवसायाबाहेरचा वाटेल. तो तसा का नाही, हे बोलण्याच्या ओघात स्पष्ट होईल.

महाडच्या चवदार तळ्याची कथा आपल्या घरातील दहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या, पुढे शेण-गोमूत्राच्या घागरींनी तळे ‘शुद्ध’ करण्यात आले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्यात आली. या कथेत एक पात्र आहे ज्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ते पात्र म्हणजे महाडची नगरपालिका होय.

थोडे मागे जाऊ या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, अशी त्यात शिफारस होती. दवाखाने हा शब्द आम्हांस त्या यादीत विशेष बोचतो. दवाखान्याचे दार उघडे असावे यासाठी कायदे कौन्सिलात ठराव करावा लागला, असा तो काळ होता. सहा वर्षांनंतर, १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले होते. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर आला, परंतु तिला स्पर्श करावयाचा नाही या अटीवर. तिला वस्तीबाहेर आणावे लागले. तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हातून शिक्षकाकडे आणि शिक्षकाच्या हातून रुग्णाकडे गेला व त्याच वाटेने परत आला. न्यूमोनिया असल्याचे निदान झाले. पुढे प्रकृती बिघडली तेव्हा डॉक्टर येईना आणि ती स्त्री दगावली. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत या पत्राची नोंद केली आहे. हे पत्र छापले गेले नसते, तर त्या स्त्रीचा मृत्यू कोणत्या नोंदवहीत कोणत्या कारणाखाली पडला असता, हे सांगण्यास डॉक्टरच कशाला पाहिजे?

असो. बोले यांच्या ठरावानंतर सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे कळविले आणि महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तळे अस्पृश्यांनी वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही, या आशयाचा ठराव केला. ‘हरकत नाही’ हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. आजही प्रत्येक कचेरीत ना-हरकत दाखला मिळतो. हरकत नाही असे म्हणणारा स्वतः काही करण्यास बांधलेला नसतो. तळ्यावर कोणी अडविल्यास नगरपालिका काय करील, रक्षणासाठी कोण उभा राहील, याविषयी पुढे काही घडले नाही. ठराव झाला आणि दप्तरात गेला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ आपल्या एकाही माणसाने त्या तळ्याचे पाणी घेतले नाही.

आता एक तारीख आपण लक्षात घ्यावी, अशी आमची विनंती आहे. ‘मूकनायक’ हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यास अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. ‘केसरी’ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्याचे नाकारले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले, पांडुरंग नंदराम भटकर व नंतर ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी पत्र चालविले, आणि १९२३ मध्ये ते बंद पडले. ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला ३ एप्रिल १९२७ रोजी. म्हणजे महाडचा ठराव ज्या काळात दप्तरात धूळ खात पडला होता, नेमक्या त्याच काळात बाबासाहेबांच्या हाती वृत्तपत्र नव्हते. पत्र असते तर तळे १९२४ मध्येच खुले झाले असते, असा दावा आम्ही करीत नाही. महाडचा बांध फोडला तो परिषदेने, माणसांच्या पायांनी. परंतु ज्या ठरावाची आठवण कोणी महिन्यातून दोनदा छापून देत नाही, तो ठराव करणाऱ्यांनाही विसरणे सोपे जाते, एवढे तरी यातून दिसते.

त्यानंतर काय घडले ते पाहा. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविणारे सुरबानाना टिपणीस हे आपल्या बाजूचे होते. अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, रामचंद्र बाबाजी मोरे या मंडळींबरोबर त्यांनीही परिषदेसाठी परिश्रम घेतले. अध्यक्ष आपला, ठराव आपल्या बाजूचा, वरिष्ठ सरकारचा आदेश आपल्या बाजूचा. शिवाय ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनीच दुसरा ठराव मांडला होता : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांचे अनुदान सरकारने बंद करावे. इतके सगळे असूनही महाडच्या नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांचा ठराव ज्या तारखेस संमत झाला, बरोबर त्याच तारखेस, चार वर्षांनी. खुर्चीवर एक सज्जन माणूस बसला म्हणजे संस्था आपली झाली, असे मानणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. आपल्या समाजात असे मानणारे थोडे नाहीत.

परंतु या वेळी पत्र हाताशी होते. एप्रिल व मे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ने महाडच्या धर्मसंगरावर ओळीने तीन अग्रलेख लिहिले : एक वरिष्ठ हिंदूंच्या जबाबदारीवर, एक इंग्रज सरकारच्या जबाबदारीवर आणि तिसरा खुद्द अस्पृश्य वर्गाच्या जबाबदारीवर. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी लाठ्या मारल्या त्यांना जाब विचारून लेखणी थांबली नाही. आदेश काढून स्वस्थ बसलेल्या सरकारलाही तिने विचारले आणि शेवटी आपल्याच वाचकाकडे वळून तू काय करणार आहेस, असे विचारले. आजच्या आपल्या पत्रांत पहिला अग्रलेख भरपूर आढळतो, दुसरा क्वचित आणि तिसरा जवळजवळ नाहीच. जून महिन्यात पत्रातून सत्याग्रहासाठी नावे नोंदविण्याचे आवाहन झाले. नगरपालिकेने ठराव फिरविल्यावर पाच महिन्यांच्या आत हजारो माणसे महाडला जमली. डिसेंबरच्या त्या सत्याग्रहाला न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आडवा आला आणि बाबासाहेबांनी पाणी घेण्याचा कार्यक्रम पुढे ढकलला. त्यांनी न्यायालयात लढत दिली. खालच्या न्यायालयाचा निकाल ८ जून १९३१ रोजी आणि उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. वादींनी सांगितलेली पुरातन वहिवाट सिद्ध झाली नाही. दहा वर्षे लागली. या दहा वर्षांत पत्राचे नाव दोनदा बदलले : ‘समता’ आले, २४ नोव्हेंबर १९३० पासून ‘जनता’ आले. परंतु लोकांना हकीकत सांगण्याचे काम चालू राहिले.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘बहिष्कृत भारत’चे संपादक म्हणून स्वतः बाबासाहेबांचे नाव होते. त्याच सुमारास ते सरकारनियुक्त सभासद म्हणून मुंबई कायदे कौन्सिलात बसत होते. म्हणजे ज्या सरकारने त्यांस नेमले, त्याच सरकारची जबाबदारी ते आपल्या पत्रात मोजून दाखवीत होते. जोतीराव फुल्यांचेही तसेच. १८७६ पासून ते पुणे नगरपालिकेचे नियुक्त सभासद होते. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केला. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून नगरपालिकेने हजार रुपये खर्चण्याचे ठरविले, तेव्हा बत्तीस सभासदांत एकटे जोतीराव विरोधात उभे राहिले. शहरात मोठी मंडई बांधण्याच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मंडईलाच आज महात्मा फुले मंडई म्हणतात. नगरपालिका अशा रीतीनेही उत्तर देतात! तेव्हा सत्तेच्या जागी बसूच नये, असा सोवळेपणा आपल्या परंपरेत नाही. बसावे, परंतु लेखणी घरी ठेवून जाऊ नये.

‘दीनबंधू’ पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत नेला. गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून आपण त्यांस ओळखतो. १८९६ च्या प्लेगात त्यांनी रुग्णांसाठी इस्पितळ उभे केले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते स्वतः त्याच रोगाने गेले. एक महिन्याने, १० मार्चला, रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. वृत्तपत्र आणि आरोग्य यांचा संबंध काय, असे ज्यांच्या मनात असेल त्यांनी या दोन तारखा पाहाव्यात.

आता आम्ही जे सांगणार आहोत ते इतिहासातले नाही. ते आमच्या घरातले आहे, आणि इतकी वर्षे आम्ही ते चारचौघांत बोललो नाही.

आमचे मामा एका तालुक्याच्या गावी लहानसा छापखाना चालवीत. गावाचे नाव येथे घेत नाही. तरुणपणी मुंबईत ते कंपोझिटर होते. परत येताना त्यांनी एक जुने ट्रेडल यंत्र आणि खिळ्यांच्या पेट्या आणल्या. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके आणि पावतीपुस्तके छापून पोट भरावयाचे आणि त्यातून वाचेल तेवढ्यात चार पानांचे साप्ताहिक काढावयाचे, असा त्यांचा खाक्या होता. १९८४ साली आम्ही शाळेत होतो. दर शुक्रवारी संध्याकाळी अंकांच्या घड्या घालणे आणि शनिवारी सकाळी ते वस्तीत व बाजारात वाटणे, हे आमचे काम. हाताला लागलेली शाई रॉकेलने काढावी लागे.

त्या साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, मामा एक चौकट छापीत. आपल्या वस्तीतील सार्वजनिक नळाला त्या आठवड्यात किती दिवस पाणी आले नाही, तो आकडा. बाकी मजकूर काही नाही. ‘चार दिवस.’ ‘पाच दिवस.’ एखाद्या आठवड्यात सातही. वाण्याच्या दुकानात लोक आधी ती चौकट पाहत. नगरपालिकेतही पाहत असत, असे पुढे कळले.

एके दिवशी नगरपालिकेतील एक गृहस्थ छापखान्यात आले. त्यांनी चहा घेतला, मामींची विचारपूस केली. धमकी वगैरे काही नाही. उलट नगरपालिकेच्या निविदा आपल्या साप्ताहिकात का येऊ नयेत, असे त्यांनीच सुचविले. जाताना एवढेच म्हणाले, ‘त्या चौकटीची जागा बरीच अडते, नाही का?’ पुढच्या आठवड्यात पहिली निविदा आली. एका निविदेचे बिल आमच्या साऱ्या वर्षाच्या वर्गणीहून मोठे होते. कागदाची उधारी थकली होती आणि मामांच्या थोरल्या मुलीचे लग्न ठरत होते. चौकट गेली. कोणी ‘काढा’ असे म्हटले नाही, आणि आम्ही अंक वाटत होतो त्या आम्हांसही ती नाही हे दुसऱ्या आठवड्यात लक्षात आले.

पावसाळा सुरू झाला आणि वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली. आमच्या गल्लीतील दोन लेकरे गेली. एक आमच्या धाकट्या भावाच्या वर्गातील होते.

काही वर्षांनी वैद्यकाच्या अभ्यासात आम्हांस त्याचे कारण समजले. नळाला सतत पाणी असते तेव्हा त्याचा दाब आतून बाहेर असतो. फट असली तरी पाणी बाहेर झिरपते, बाहेरची घाण आत येत नाही. पाणी बंद झाले की नळ रिकामा होतो आणि शेजारच्या गटारातील पाणी त्याच फटींतून आत ओढले जाते. पाणी सुटले की पहिल्या घागरीबरोबर तेच घरात येते. सुटीत गावी गेलो असता आम्ही हे मामांना सांगितले. शिकलेल्या भाच्याच्या उत्साहात सांगितले, याची आज लाज वाटते. मामा खिळे जुळवीत होते. त्यांचा हात थांबला. बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे बाबा, ती चौकट म्हणजे साथीचीच बातमी होती म्हणायची.’

आम्ही त्यांस सांगितले की चौकट छापली असती तरी नळ दुरुस्त झाला असता, असे कोणी सांगू शकत नाही. ते खरेही आहे. परंतु त्यांनी ते मानले नाही. खरे तर साथीच्या पुढच्याच आठवड्यापासून त्यांनी नगरपालिकेची जाहिरात घेणे बंद केले होते आणि चौकट परत आली होती. त्यानंतर साप्ताहिक सहा-सात वर्षे चालले, प्रत्येक वर्षी थोडे अधिक कर्ज घेऊन. मग ऑफसेटची यंत्रे आली, ट्रेडलवर पत्रिका छापून घेणारे कमी झाले आणि १९९१ मध्ये ते थांबले.

मामांनी पैसे खाल्ले, असे गावात कोणी म्हटले नाही. आम्हीही म्हणत नाही. त्यांच्यावर दबाव आला, असेही म्हणता येत नाही. लहान पत्र आणि स्थानिक सत्ता यांचे नाते बिघडते ते बहुधा असेच, चहा पिता पिता. वर्तमानपत्र बंद करण्यासाठी हल्ली कोणास लाठ्या घेऊन यावे लागत नाही. जाहिरातीच्या यादीवर नाव चढविणे आणि उतरविणे, बिल सहा महिने अडकवून ठेवणे, संपादकाला एखाद्या समितीवर घेणे, एवढ्याने काम भागते. आणि सत्तेवर आपलाच माणूस असेल तर काम अधिकच सोपे. आपल्या नगरसेवकाविरुद्ध लिहिले तर ‘समाजाची बदनामी’ होते, आणि परक्याविरुद्ध लिहिले तर जाहिरात जाते. मग उरतो तो वाढदिवसाचा आणि जयंतीचा मजकूर.

बाबासाहेबांना हे सारे दिसत होते. ‘बहिष्कृत भारत’ चालविताना ते एकटे रकानेच्या रकाने लिहून काढीत, त्याबद्दल मोबदला घेत नसत, आणि तरीही पत्र कर्जात होते. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ या अग्रलेखातून त्यांनी वाचकांपुढे आपली आर्थिक बाजू उघडी मांडली. सरकारकडे किंवा धनिकांकडे न जाता ते वाचकाकडे गेले. वाचक पुरेसा आला नाही, हेही खरे. नोव्हेंबर १९२९ मध्ये पत्र बंद पडले. पुढे १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांवर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी वृत्तपत्रसृष्टीवर जी टीका केली, ती यासंदर्भात मुळातूनच वाचावी. एकेकाळी जो पेशा होता त्याचा धंदा झाला, असा तिचा रोख होता. स्वतः पत्र चालवून हात पोळलेल्या माणसाची ती टीका आहे, हे आपण विसरतो.

अमेरिकेतील काळ्या लोकांचे पहिले वृत्तपत्र ‘फ्रीडम्स जर्नल’ १६ मार्च १८२७ रोजी न्यूयॉर्कला निघाले, ‘बहिष्कृत भारत’च्या अगदी शंभर वर्षे आधी. तेही दोन-एक वर्षांतच संपले. शिकागोचा ‘डिफेंडर’ मात्र १९०५ मध्ये निघाला आणि दशकानुदशके टिकला. रेल्वेच्या शयनडब्यांत काम करणारे हमाल-सेवक तो दक्षिणेतील गावागावांत पोहोचवीत. आपणही एका अर्थी लांब पल्ल्याच्या गाडीतले प्रवासी आहोत. आपण काय पोहोचविले?

याचे उत्तर देताना आम्ही आधी स्वतःलाच उभे करतो. या देशात येऊन आम्हांस चोवीस वर्षे झाली. या काळात मायदेशातील आपल्या तीन निरनिराळ्या पत्रांत १४ एप्रिलच्या अंकासाठी आम्ही जाहिराती दिल्या, त्यांपैकी दोनदा पानभर, आमच्या छायाचित्रासह. आमच्या कुटुंबाच्या वतीने समस्त जनतेस हार्दिक शुभेच्छा! मध्यंतरी त्यांपैकी एका पत्राच्या वृद्ध संपादकांनी नम्रपणे कळविले की आपली वार्षिक वर्गणी सहा वर्षांपासून येणे आहे. वर्गणीची रक्कम त्या जाहिरातीच्या विसाव्या हिश्शाइतकीही नव्हती. जाहिरात देऊन आम्ही आमचे छायाचित्र विकत घेतले होते, वर्गणी भरली असती तर पत्र विकत घेतले असते. समोर बसलेल्या मंडळींपैकी काही जण हसत आहेत. त्यांची छायाचित्रेही आम्ही त्याच अंकात पाहिली आहेत.

येथे एक गैरसमज नको. ज्या देशाने आपल्याला रोजगार दिला, त्याचे कायदे पाळून आपण राहतो. येथे नियतकालिक काढावयाचे तर परवाना लागतो. आपली ही स्मरणिका म्हणजे सभासदांच्या हाती देण्याचे वार्षिक पुस्तक आहे, वृत्तपत्र नव्हे, आणि तिने तसे होऊही नये. आम्ही ज्या पत्रांविषयी बोलत आहोत ती आपल्या जिल्ह्यांची, आपल्या तालुक्यांची आहेत. आपले आईवडील तेथे राहतात. आपण पाठविलेल्या पैशांतून बांधलेली घरे तेथे आहेत, आणि त्या घरांसमोरून जाणारे गटार त्याच नगरपालिकेचे आहे. घराला फरशी इटालियन आणि दारात तुंबलेले पाणी, हे दृश्य आपल्यापैकी कितीतरी जणांनी गेल्या सुटीत पाहिले असेल.

त्या नगरपालिकेविषयी आज विचारण्याजोगे पुष्कळ आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले, नियमित निवडणुका आणि राखीव जागा मिळाल्या. तरीही महाराष्ट्रातील कित्येक नगरपालिकांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि पुढची काही वर्षे तेथे निवडून आलेले सभागृहच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. प्रशासकाच्या काळात आपल्या वस्त्यांसाठी आलेला निधी कोठे खर्च झाला? हा प्रश्न विचारण्यासाठी मोर्चाही काढावा लागत नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. त्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार बरीचशी माहिती न मागताच प्रसिद्ध करणे कचेरीवर बंधनकारक आहे. लागतो तो एक माणूस, जो सभेला जाऊन बसेल, ठरावाची नक्कल काढील, अंदाजपत्रकातील आपल्या वस्तीची ओळ शोधील, आणि पुढच्या आठवड्यात तीच ओळ पुन्हा शोधील. मोठी दैनिके हे करीत नाहीत. त्यांना तालुक्याच्या नळाशी कर्तव्य नसते. भ्रमणध्वनीवरून फिरणारे संदेशही हे करीत नाहीत. ते संतापाचे काम करतात, ठरावाचा क्रमांक व तारीख त्यांत नसते. चौकट छापणारा माणूस वेगळा असतो आणि त्याला महिन्याला पगार लागतो.

दादरच्या आंबेडकर भवनात ‘बुद्धभूषण’ छापखाना होता. बाबासाहेबांनी उभारलेल्या मुद्रणालयाची ती परंपरा. जून २०१६ मध्ये ते भवन पाडण्यात आले. त्या वादाच्या दोन्ही बाजूंत आम्ही येथे शिरत नाही. त्या दिवसांत दुबईतील आपली कितीतरी मंडळी रात्रभर दूरध्वनीवर होती आणि काहींच्या डोळ्यांत पाणी होते, एवढे आम्ही पाहिले. त्या छापखान्यासारखी यंत्रे ज्या तालुक्यांत आजही कशीबशी चालू आहेत, तेथील संपादकाला मात्र आपल्यापैकी कोणाचा दूरध्वनी जात नाही.

तेव्हा आमची विनंती अगदी साधी आहे. या देशात परवानगीवाचून निधी गोळा करण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून आज येथे कोणीही कोणाच्या हातात पैसे देऊ नयेत आणि संस्थेनेही ते स्वीकारू नयेत. आपापल्या जिल्ह्यातील एक पत्र आपण स्वतः निवडावे आणि भारतातील आपल्या बँक खात्यातून त्याची वर्गणी परस्पर भरावी, एका वर्षाची नव्हे, पाच वर्षांची. अंक आईवडिलांच्या पत्त्यावर जाऊ द्यावा. दर आठवड्याला दूरध्वनीवर त्यांस विचारावे की यंदाच्या अंकात नगरपालिकेविषयी काय आले आहे. काही आले नसेल तर संपादकाला पोस्टकार्ड टाकावे. जाहिरात द्यावयाचीच असेल तर ती छायाचित्रावाचून द्यावी. त्या संपादकाने आपल्या मित्राविरुद्ध, आपल्या नातलग नगरसेवकाविरुद्ध लिहिले, तर त्या वर्षीची वर्गणी बंद करू नये. ही शेवटची अट सर्वांत कठीण आहे, याची आम्हांस जाणीव आहे. आमचे एक चुलतबंधू सध्या नगरपालिकेत आहेत.

मामा २००३ मध्ये गेले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत साप्ताहिकाची फाइल सापडली, वाळवीने थोडी खाल्लेली. १९८४ च्या जून-जुलैच्या अंकांत, जेथे चौकट असावयाची तेथे नगरपालिकेच्या निविदा आहेत. त्या प्रत्येक अंकावर, निविदेच्या कडेला, मामांनी नंतर कधीतरी निळ्या शाईने एकेक आकडा लिहून ठेवला आहे : पाच, सहा, सहा, सात. ती फाइल आम्ही येथे आणली असून भोजनाच्या वेळी बाहेरच्या टेबलावर ठेवू. पाने नाजूक आहेत, लहान मुलांनी जपून हाताळावीत.

जयभीम.